बदल आणि बदली

गेल्या गणेशोत्सवात आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाने ‘शाळा का बदलत नाहीत?’ या विषयावर परिसंवाद योजला होता. व्यासपीठावर पाच वक्ते होते: दोन निवृत्त अधिकारी, एक बँकेतील व्यवस्थापक, एक अभियंता आणि एक सनदी लेखापाल. पाचही जण व्यासंगी आणि बोलण्यात वाकबगार. शाळेत शिकविणारे मात्र त्यांत कोणी नव्हते. दोन तासांच्या ऊहापोहानंतर असे ठरले की, धोरण चांगले आहे, पुस्तके चांगली आहेत, पैसाही अगदीच नाही असे नाही; गाडे अडते ते शिक्षकापाशी. त्याला नवे काही नको असते. “मास्तर बदलायला तयार नाही,” हे वाक्य पाचांपैकी चौघांनी आपापल्या परीने उच्चारले, आणि प्रत्येक वेळी त्यास टाळ्या मिळाल्या.

सभागृहाच्या मागच्या बाजूला एक बाई कपांत चहा ओतीत होत्या. त्या बावीस वर्षे विज्ञान शिकवीत आल्या आहेत, हे मंडळातील सर्वांस ठाऊक आहे. त्यांना कोणी काही विचारले नाही. परतताना जिन्यात आमची गाठ पडली, तेव्हा त्या हसून एवढेच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी विषय बदलेल.” टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे प्रथमच कबूल करून ठेवतो.

त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख आहे असे कोणी समजल्यास आमची हरकत नाही. आमचे म्हणणे असे की, शिक्षक बदलास विरोध करतो हा आरोप बव्हंशी खोटा आहे. आणि तो आरोप करणारा वर्ग, म्हणजे आपलाच, कचेरीत बसणारा, परिपत्रके काढणारा आणि बदल्यांवर हिंडणारा वर्ग, त्या अपयशाचा मोठा वाटेकरी आहे. पुष्कळ वाचकांस हे रुचणार नाही. परंतु हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कधी ना कधी एखादे परिपत्रक लिहिले, तपासले अथवा पुढे पाठविले आहे. तेव्हा आमचे म्हणणे त्यांना कळणार नाही असे तरी खचित नाही.

परिपत्रक कसे जन्मास येते, हे आम्ही लिपिक या नात्याने रोज पाहतो. वरून दोन ओळींची सूचना येते. आम्ही गतसालचे तशाच विषयावरील परिपत्रक काढतो, त्यातील विषय आणि दिनांक बदलतो, ‘तात्काळ’ आणि ‘काटेकोर’ हे दोन शब्द योग्य स्थळी आहेत ना हे पाहतो आणि अखेरीस अनुपालन अहवालाची मुदत घालतो. त्यास जावक क्रमांक पडला की आमच्या लेखी बदल घडून आला. तेथून ते परिपत्रक संचालनालय, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्या उतरत जाते. प्रत्येक पायरीवर त्यास एक अग्रेषणपत्र जोडले जाते आणि मुदतीतून दोन-चार दिवस कापले जातात. वरून निघताना महिन्याची मुदत असेल तर शाळेच्या दारी पोहोचेतो ‘आजच’ असे शब्द उरतात. ज्या शिक्षकाने पस्तीस-चाळीस मुलांपुढे उभे राहून तो बदल प्रत्यक्षात आणावयाचा, त्याला तो सर्वांत शेवटी कळतो. आणि तो का करावयाचा हे बहुधा कळतच नाही, कारण परिपत्रकात ‘का’ लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या कार्यालयात कागदी फाइली जाऊन ई-ऑफिस आले, तेव्हा आमच्या विभागात जो हाहाकार उडाला तो अद्याप आमच्या डोळ्यांसमोर आहे. टिपणी पडद्यावर लिहावयाची, फाइल बोटाच्या टिचकीने वर पाठवावयाची, स्वाक्षरीही यंत्रानेच करावयाची! वीस-वीस वर्षे फायलींना दोरे बांधलेल्या मंडळींनी आधी प्रशिक्षणास जाण्याचे टाळले, मग जाऊन आल्यावर कागदावर टिपणी लिहून ती कोणा तरुणाकडून पडद्यावर चढवून घेण्याची युक्ती काढली. आम्ही वयाने त्यांच्याहून लहान, तरी कित्येक दिवस आम्हीही लपून कागदाची प्रत ठेवीत होतो. आम्हांस तेव्हा प्रगतीचे शत्रू असे कोणी म्हटले नाही. आमच्या नावाने परिसंवादही झाला नाही. झाले ते इतकेच की, संगणकाचे काम जाणणारा एक मुलगा सहा आठवडे आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. चूक झाली की तो ‘उलट फिरा’ म्हणे आणि आम्ही उलट फिरत असू. चुकांचा अहवाल वर जात नसे. पुढे आमच्यातलेच एक पन्नाशीचे गृहस्थ असे तयार झाले की, दुसऱ्या विभागाचे लोक त्यांना विचारावयास येऊ लागले.

शिक्षकाच्या शेजारी अशी खुर्ची कोणी टाकली?

२००८ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एखाद्या शाळेत रुजू झालेली शिक्षिका डोळ्यांपुढे आणा. ती स्थिरस्थावर होते न होते तोच २००९-१० मध्ये नववी-दहावीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुण गेले, श्रेणी आल्या. वर्षात चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या. चाळीस टक्के भार पहिल्यांचा, साठ टक्के दुसऱ्यांचा. शिवाय मुलाची वृत्ती, कला, खेळ, जीवनकौशल्ये यांच्या वर्णनात्मक नोंदी. २०११ पासून दहावीची मंडळाची परीक्षा त्याच शाळेत पुढे शिकणाऱ्यांसाठी ऐच्छिक झाली. या योजनेमागील विचार वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट एका दिवसाच्या तीन तासांवर मुलाचे भवितव्य टांगू नये हा विचार कोणाही सुज्ञास पटावा असाच आहे. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडे रोज पाहून लिहावे कसे, हे त्या शिक्षिकेला कोणी करून दाखविले नाही. तिला तक्ते मिळाले. तिने ते भरले. तिने ते कसे भरले हे आपणांस ठाऊक आहे, कारण आपणही आपले तिमाही अहवाल तसेच भरतो.

तरीही सहा-सात वर्षांत कित्येक शिक्षक त्या पद्धतीत खरोखर रुळले होते. नोंदी अर्थपूर्ण होऊ लागल्या होत्या, मुले वर्गात बोलू लागली होती. तोच २०१७-१८ च्या सत्रापासून दहावीची परीक्षा पुन्हा सर्वांस सक्तीची झाली आणि ते सारे तक्ते कपाटात गेले. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमान्वये २०१० पासून आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नव्हते. २०१९ मध्ये ते कलम सुधारले गेले. २०२४ च्या डिसेंबरात केंद्राने नियम बदलले आणि केंद्राच्या शाळांत पाचवी-आठवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देऊन, तीतही तो न जमल्यास, त्याच वर्गात ठेवता येईल असे ठरले. मध्यंतरी २०२० चे नवे धोरण आले, त्याच साली साथ आली, आणि एका रात्रीत हातातला मोबाइल हाच वर्ग ठरला. सोळा वर्षांत या बाईंना मुलांना गुण न देण्यास शिकविले, मग देण्यास; नापास न करण्यास शिकविले, मग करण्यास. प्रत्येक वेळी सांगणारा आवाज तितकाच ठाम होता आणि आधीच्या वेळचा आवाज चुकला होता असे कबूल करणारे मात्र कोणीच भेटले नाही. अशा बाई सत्रारंभीच्या नव्या परिपत्रकाकडे पाहून सावकाश चष्मा पुसू लागल्या, तर तो हट्ट नव्हे. अनुभवाने आलेले शहाणपण ते हेच.

महाराष्ट्रात २०२५ साली काय घडले, तेही या संदर्भात आठवावे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले. परप्रांतात बसून आपण या वादात तावातावाने भाग घेतला, आणि ते योग्यच होते; भाषेच्या प्रश्नावर आमचेही मत आहे, ते पुन्हा केव्हा तरी मांडू. परंतु त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या वर्गाचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकाची काय स्थिती झाली असेल, असा प्रश्न दोन्ही बाजूंच्या एकाही पंडिताने विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मराठीत बदल आणि बदली हे दोन शब्द किती जवळचे आहेत! आमच्या मते शाळांतील बहुतेक बदल बदलीनेच मारले आहेत. एखादा उत्साही अधिकारी जिल्ह्यात येतो. त्याने कोठे तरी काही नवे पाहिलेले असते, त्याची तळमळही खरी असते. तो योजनेला एक सुबक नाव देतो, बैठका घेतो, रात्री दहा वाजता संदेश धाडतो. शिक्षक प्रथम बिचकतात, मग त्यांतले काही मनापासून कामाला लागतात. दीड-दोन वर्षांनी अधिकाऱ्याची बदली होते, निरोपसमारंभ होतो आणि नारळाबरोबर योजनाही त्याच्या हाती देऊन टाकली जाते. नव्याने येणाऱ्यास पूर्वसूरीच्या नावाची योजना चालविण्यात गोडी नसते. त्याने दुसरे काही पाहिलेले असते. जे शिक्षक मनापासून कामाला लागले होते तेच आता सहकाऱ्यांत हास्यास्पद ठरतात. पुढच्या वेळी ते पहिल्या रांगेत उभे राहत नाहीत. अधिकारी येतात आणि जातात. शाळेत मागे राहतो तो शिक्षक. बदलीचे ओझे वाहणाऱ्या आपल्या वर्गास स्थिर माणसाच्या या दुःखाची कल्पना सहसा येत नाही.

आता कोणी म्हणेल की ही सारी कैफियत झाली. योग्य रीतीने सांगितले असता शिक्षक बदलतो याला पुरावा काय? पुरावा आमच्या राहत्या ठिकाणापासून फार दूर नाही. भोपाळहून दक्षिणेस निघून नर्मदा ओलांडली की होशंगाबाद लागते. आता त्याचे नाव नर्मदापुरम्. १९७२ साली या जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, विज्ञान शिकविण्याचा एक नवा प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो आरंभिला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ यांतील शास्त्रज्ञ त्यात हौसेने उतरले. कल्पना साधी होती: विज्ञान पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावेत, पाने-बिया-किडे गोळा करावेत, मोजावे, तक्ते मांडावेत, आपसांत वाद घालावा आणि निष्कर्ष आपला आपण काढावा. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा, आणि लेखीबरोबर प्रयोगाचीही परीक्षा.

ज्या शिक्षकांनी हे करावयाचे ते कोण होते? खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांतले साधे मास्तर. त्यांतल्या अनेकांनी स्वतः विज्ञान कधी शिकलेले नव्हते. आपल्या परिसंवादातील पंचमहाभूतांना विचारले असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते की हे या लोकांकडून व्हावयाचे नाही. पण ते झाले. सोळा शाळांत सहा वर्षे पारखून घेतल्यावर १९७८ मध्ये जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत ही पद्धत लागू झाली, १९८२ मध्ये हे काम सांभाळण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे मध्य प्रदेशातील आणखी कित्येक जिल्ह्यांतील शाळा तीत आल्या.

कसे झाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण सगळा अर्थ त्या ‘कसे’मध्ये आहे. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांची तीन-तीन आठवड्यांची शिबिरे भरत. तेथे व्याख्याने नसत. शिक्षक स्वतःच विद्यार्थी होऊन, टोळ्या करून, मुलांनी जे प्रयोग करावयाचे तेच सगळे करीत. प्रयोग फसे, आकडे जुळत नसत, विद्यापीठातला प्राध्यापक आणि पिपरियाकडचा मास्तर एकाच टेबलावर वाकून चूक शोधीत. ‘मला हे ठाऊक नाही’ असे म्हणण्याची लाज तेथे कोणास वाटेनाशी झाली, कारण मोठमोठे शास्त्रज्ञही ते मोकळेपणाने म्हणत. शाळा सुरू झाल्या की दरमहा आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत आणि महिनाभरात वर्गात काय अडले ते मांडीत. या शाळांना भेटी देण्यासही माणसे जात. त्या भेटीस तिकडे ‘अनुवर्तन’ म्हणत, तपासणी नव्हे, आणि भेट देणाऱ्यांत स्वतः शिक्षक असत. प्रयोगाचे साहित्य शाळेत पोहोचते करण्याची व्यवस्था होती. ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके शिक्षकांनी वर्गात वापरून सांगितलेल्या अडचणींप्रमाणे पुन्हा पुन्हा लिहिली गेली. मुलांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक गृहस्थ निर्माण केला होता. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्याची उत्तरे त्यांना येत. शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आलेच पाहिजे ही जी आपल्या समाजाने त्याच्या मानेवर ठेवलेली शिळा आहे, ती या एका युक्तीने हलकी झाली. आमच्या मते हे सवालीरामाचे फार मोठे काम.

आणि शासनाचे काय? त्या वेळच्या शासनाने परवानगी दिली, शिक्षकांना शिबिरास पाठविले, परीक्षेची पद्धत बदलू दिली. त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण २००२ साली, तीस वर्षांनंतर, राज्य शासनानेच आदेश काढून हा कार्यक्रम बंद केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला. उपयोग झाला नाही. तेव्हा हिशेब असा की, खेड्यातल्या ज्या मास्तरांना आपण बदलाचे वैरी म्हणतो, ते बदलले, त्यांनी तीस वर्षे तो बदल वाहिला; आणि ज्यांनी तो मोडला ते जावक क्रमांक घालणारे होते. त्या परिसंवादात हे सांगावयास हवे होते. आम्हांस ते घरी परतल्यावर आठवले.

होशंगाबाद हा अपवाद होता, अशी पळवाट कोणी काढील. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या प्राथमिक शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले शिकू लागली, तेव्हा राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून शिक्षक ते पाहावयास गेले. आपल्यासारख्याच पगाराच्या, आपल्यासारख्याच खोलीत शिकविणाऱ्या माणसाने केलेले काम डोळ्यांनी पाहिले की शिक्षकास तज्ज्ञाचे भाषण लागत नाही. आणि आणखी मागे जावयाचे तर ताराबाई मोडकांकडे पाहा. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवून महाराष्ट्रात परतलेल्या या बाईंनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे घेऊन रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांना दूषणे दिली नाहीत. शाळाच उचलून कुरणात नेली. मुलांच्या बाबतीत जे ताराबाईंना सुचले, ते शिक्षकांच्या बाबतीत आपल्या एकाही विभागास सुचू नये, याचे नवल वाटते.

शिक्षकांचा कैवार घेताना आम्ही डोळे मिटलेले नाहीत. वर्गात वर्तमानपत्र वाचणारा शिक्षक आहे, शिकवणीसाठी धडा अर्धा ठेवणारा आहे, संघटनेच्या आड लपणारा आहे. असे लोक आमच्याही कार्यालयात आहेत. वाचकांच्याही कार्यालयांत असावेत. त्यांच्यावरून आपण सगळ्या खात्याची किंमत करीत नाही. आणि मौज अशी की, परिपत्रकी बदलाचा त्रास या कामचुकारास कधीच होत नाही. तो तक्ता मुदतीपूर्वी भरून देतो, छायाचित्र काढून पाठवितो आणि मोकळा होतो. त्रास होतो तो ज्याला खरेच शिकवावयाचे असते त्याला. हा शिक्षक प्रश्न विचारतो, ‘हे माझ्या वर्गात कसे जमेल?’ म्हणतो, आणि अहवालात ‘नकारात्मक मनोवृत्ती’ असा शेरा पडतो तो याच्या नावापुढे.

नव्या धोरणाने प्रत्येक शिक्षकास वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ योजनेने बेचाळीस लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचा संकल्प सोडला होता. संकल्प मोठा, आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. परंतु वरच्याने खालच्यास आणि त्याने त्याच्याखालच्यास शिकवावे, या धबधब्याच्या पद्धतीत पाणी शेवटच्या कुंडापर्यंत पोहोचेतो केवळ तुषार उरतात. आणि पडद्यावरचा पाठ पुढे सरकवीत प्रमाणपत्रापर्यंत जाण्याचे कसब आपण सर्वांनीच आत्मसात केलेले आहे. त्यातून २०२४-२५ च्या शासकीय आकडेवारीप्रमाणे या देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तो एक शिक्षक प्रशिक्षणास गेला तर शाळेस कुलूप लागते. न गेला तर तो बदलास तयार नसतो.

शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की शिक्षकास शिक्षणेतर काम देऊ नये. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. अपवादच एवढे ऐसपैस आहेत की नियमास बसावयास जागा कोठे उरते, हा प्रश्न सोडून देऊ. खरा जाच कायद्याबाहेरचा आहे: माहितीच्या रकाने भरण्याचा, एकच आकडा तीन ठिकाणी चढविण्याचा, मुलांचे ‘अपार’ क्रमांक काढण्याचा, प्रत्येक दिनाचे छायाचित्र पाठविण्याचा. येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या कार्यालयांत अभिलेखांची मुदत ठरलेली असते. तीन वर्षांची फाइल तीन वर्षांनी, दहा वर्षांची दहा वर्षांनी छाटून नष्ट करतात. तसे न करू तर कारकुनास बसावयास जागा उरणार नाही. शाळेत मात्र एकदा शिरलेली नोंदवही कधी बाहेर पडत नाही. नवी आली, जुनी राहिली. शाळांसाठी नवा बदल सुचविणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच पत्रात, त्या बदलापायी कोणती दोन जुनी कामे आजपासून बंद झाली हे लिहिल्याखेरीज त्या पत्रास जावक क्रमांक देऊ नये, असा नियम होईल तर आम्ही तो आनंदाने पाळू. शिक्षकांनी बदलास साथ द्यावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हे एक केले आणि शिक्षकाच्या शेजारी तीन वर्षे ती खुर्ची टाकली, एवढ्यानेच निम्मे काम होईल. राहिलेले निम्मे असे की, बदल ठरविण्यापूर्वी त्याला विचारावे, थोड्या शाळांत करून पाहावे, आणि साहेबांची बदली झाली म्हणून तो मोडू नये.

शेवटी आपल्या घराकडे वळू. केंद्रीय विद्यालये ही मुळात आपल्यासाठीच निघालेली आहेत. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून, बदलीवर हिंडणाऱ्या केंद्रीय नोकरांच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून, १९६२ साली ही योजना मंजूर झाली आणि १९६३ मध्ये वीस रेजिमेंटल शाळांपासून तिचा आरंभ झाला. त्या शाळांतील शिक्षकांस आपण काय साहाय्य केले? सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात सरकारी वसाहतींत रात्री अकरा वाजता दिवे का जळत, ते आठवा. प्रकल्प मुलाचा असे. थर्माकोल आई कापी, मजकूर वडील कार्यालयातून छापून आणीत, आणि वसाहतीबाहेरच्या दुकानात ज्वालामुखी तयार मिळे. शिक्षिकेने मुलाच्या वेड्यावाकड्या पण स्वतःच्या चित्रास वरची श्रेणी दिली की दुसऱ्या दिवशी आपण तक्रार घेऊन दारात. पालकसभेत त्या बाई मुलाच्या प्रश्न विचारण्याच्या सवयीबद्दल सांगू लागल्या, तर आपण मध्येच विचारीत असू, ‘ते ठीक आहे, पण वर्गात कितवा आहे?’ श्रेणीतून गुण आणि गुणांतून क्रमांक काढण्याचे गणित आपणच बसविले. बदल नको होता तो कोणाला?

यंदाच्या गणेशोत्सवाची पत्रिका छपाईस जाण्यापूर्वी आम्ही मंडळाच्या चिटणिसांस एक पत्र दिले आहे. परिसंवादाचा विषय बदलू नये, गतवर्षीचाच ठेवावा. पहिले वक्ते म्हणून त्या बाईंना बोलवावे, त्यांना पाऊण तास द्यावा, आणि चहाची व्यवस्था गतवर्षीच्या पाच वक्त्यांनी व आम्ही मिळून पाहावी, अशी विनंती केली आहे. पत्र मिळाल्याची पोच आली. तीत म्हटले आहे की, प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवण्यात येईल. तथापि विद्यमान अध्यक्षांची बदलीची आज्ञा आली असल्याने नवे अध्यक्ष येईपर्यंत याबाबत निर्णय घेता येणार नाही.